महाकुंकीची ओटी

देवतलावात एके काळी इतकी मासोळी होती की बायका घागर बुडवत तेव्हा पाणी कमी आणि मासे जास्त येत. घरी जाऊन मासे वेगळे काढले की तळाला चूळ भरण्यापुरतं पाणी उरायचं, असं बोदरटोल्याचे म्हातारे सांगतात. त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेल्या निम्म्यातून म्हाताऱ्यांच्या तंबाखूचा धूर वजा करा. तरी जे उरतं ते पुष्कळ होतं.

भंडाऱ्याच्या झाडीपट्टीतला हा तलाव जमीनदार मालगुजारानं खोदला आणि धिवर मासेमारांनी सांभाळला. त्यात रोहू होता, मरळ होती, शिंगूर होता. पण तलावाची खरी लेक म्हणजे कुंकी. अंगानं रुपेरी, आणि दोन्ही गालांवर कुंकवाचं बोट ओढल्यासारखा लाल पट्टा. नाल्याला पूर आला की ती पोटात गाबोळी घेऊन वाहत्या पाण्यावर चढायची, नर तिच्या मागं मागं, आणि बुडालेल्या गवतात अंडी घालून तलावात परतायची. धिवर बाया म्हणायच्या, पोरगी बाळंतपणाला माहेरी आली.

आता पोरगी माहेरी आली म्हणजे ओटी आलीच. आषाढातल्या आखाडीच्या सोमवारी प्रत्येक घर जाळ्यातली एक भरल्या पोटाची कुंकी निवडायचं. ओल्या परातीत तिला हळदकुंकू लावायचं, वर चार अक्षता आणि लुगड्याचा एक धागा वाहायचा, आणि घाटावरून अलगद पाण्यात सोडायचं. मासेमारीच्या हंगामातली भरल्या पोटाची मासोळी हातची सोडायची, याला लोक धर्म म्हणत. शिकलेले लोक त्यालाच मत्स्यसंवर्धन म्हणत आणि त्यावर प्रबंध लिहीत. मासोळीला दोन्ही चालत होतं.

ओटी मात्र लेकुरवाळीनंच भरायची. जिची कूस उजवली नाही तिनं घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं, आणि आपली सावली परातीवर पडणार नाही एवढं बघायचं.

टिकेश्वरी मारबते लग्न होऊन आली त्या सालापासून त्या वरच्या पायरीवर उभी होती.

ती काही अडाणी बाई नव्हती. नागपुरात मत्स्यशास्त्र शिकलेली, आणि मच्छीमार संस्थेच्या हॅचरीत कामाला. नराच्या पोटावरून अंगठा फिरवून पांढरं दूध काढायचं, मादीची अंडी परातीत घ्यायची, कोंबडीच्या पिसानं दोन्ही हलक्या हातानं एकत्र फिरवायची, की झाली पिलांची सोय. आसपासच्या गावांतल्या तलावांमधली अर्धी मासळी तिच्या पिसाखालून जन्माला आली होती. वर्षभर त्या हातांना यश होतं, आणि आखाडीच्या सोमवारी तेच हात अपशकुनी. गावाला यात काही खटकत नव्हतं. नोकरी वेगळी, कूस वेगळी.

तिची कूस का उजवली नाही, हे दोनच माणसांना माहीत होतं, असं तिला वाटे. एक ती स्वतः, दुसरा तिचा नवरा खेमराज.

मग कंपनी आली.

त्या काळी गावात डॉक्टर नव्हता, पण औषध आणून टाकणारा ड्रोन होता. नळाला पाणी नव्हतं, पण तलावाच्या पाण्याचा ताप मोजणारं यंत्र होतं. शहरांत गाबोळीचं वेड पसरलं होतं. कोणी ती केसांसाठी खाई, कोणी हृदयासाठी, कोणी शेजारी खातो म्हणून. कंपनीनं देवतलावात पिंजरे बांधले आणि त्यांत आणून सोडली महाकुंकी. तीच कुंकी, पण डोक्यापासून शेपटीपर्यंत हातभर लांब, आणि पोट असं की पिंजऱ्याजवळ पाणी प्यायला आलेल्या म्हशीही लाजून मागं सरकत. गालावरचा लाल पट्टा तर मळवट भरल्यासारखा. पिंजऱ्यांवरची मजुरी गावाला मिळाली आणि देखभाल अर्थातच टिकेश्वरीकडे आली.

आता थोडं शास्त्र. इथं मात्र काही वजा करायचं नाही.

माशाच्या अंड्याला एकच बारीक छिद्र असतं, आणि त्यातूनच शुक्राणू आत शिरतो. पण छिद्र आहे म्हणजे दार उघडं आहे असं नाही. आत, अंड्याच्या त्वचेवर, एक प्रथिन पहाऱ्याला बसलेलं असतं. शुक्राणूच्या डोक्यावर तीन प्रथिनांचा जुडगा असतो. हा जुडगा त्या पहारेकऱ्याच्या कुलपात बसला तर दोन पेशींची एक होते. नाही बसला तर शुक्राणू दारावर डोकं आपटून तिथंच मरतो. मरळीचा जुडगा कुंकीच्या कुलपाला लागत नाही, म्हणून एकाच पाण्यात सगळ्या जाती सुखानं नांदतात. नवल म्हणजे हा तिघांचा जुडगा माशापासून माणसापर्यंत जवळजवळ तोच आहे. निसर्गानं किल्ली एकदाच घडवली आणि कुलपं मात्र घराघरांत बदलली.

कंपनीनं महाकुंकीच्या दोन जनुकांना हात लावला होता. एक जनुक यकृताला बलकाचं प्रथिन करायला सांगतं. त्याचा नळ पूर्ण मोकळा सोडला, म्हणून पोट एवढं. दुसरं जनुक त्या पहारेकऱ्याचं. त्याच्या चार कड्या बदलून कुलूपच नवं बसवलं. त्या कुलपाची किल्ली असलेले नर कंपनीच्या आवारात, तिकडे दूर, कडेकोट बंदोबस्तात. म्हणजे महाकुंकी पिंजऱ्यातून निसटलीच तरी रानच्या कुंकीशी तिची पिलं होणार नाहीत. बदललेली जनुकं तलावात पसरणार नाहीत. सरकारी समितीला हे फार आवडलं. कुलूप असल्यामुळं बीजासाठी दर वर्षी कंपनीच्याच दारात जावं लागेल, हे समितीला सांगायची गरज पडली नाही.

कंपनीच्या हुशार माणसांनी पुराचा विचार केला होता. फाटक्या जाळीचा केला होता, चोराचा केला होता, बगळ्याचाही केला होता. माणूस आपल्या हातानं मासोळीला कुंकू लावेल आणि हात जोडून पाण्यात सोडेल, हा विचार मात्र कोणाच्या डोक्यात आला नाही.

झालं असं, की आखाडीला रानची कुंकी निवडायला बसलेल्या बायांची नजर पिंजऱ्याकडे गेली. रानच्या कुंकीचं पोट मुठीएवढं. आणि ही बाई पाहा, जणू आठवा लोटून नववा लागलेला.

"हिच्या ओटीपुढं आपली ओटी म्हंजे चिल्लर," देवांगना म्हणाली. ही टिकेश्वरीची धाकटी जाऊ, तीन लेकरांची आई आणि त्यामुळं घाटावर मोठी. "मी तं बाप्पा हेच सोडीन."

"कंपनीची आहे ते," कोणी तरी म्हणालं.

"पोटुशी बाई कोणाची असते व? तिचं माहेर जिथं, तिथली."

मजुरीत कापून घ्या म्हणून संस्थेला सांगितलं आणि त्या साली पाच-सहा घरांनी महाकुंकी सोडली. दुसऱ्या साली निम्म्या गावानं. जिनं रानची कुंकी सोडली तिला बाकीच्या विचारू लागल्या, "काहून व, यंदा तंगी हाये का घरी?"

तिसऱ्या सालच्या आखाडीला आठवडा उरला असताना टिकेश्वरीची सासू भागरताबाई अंगणात वाळल्या वालाच्या शेंगा सोलत बसली होती. घाटावरची पहिली ओटी भरायचा मान तिचा. तिच्या सासूकडून तिला आलेला. टिकेश्वरी हॅचरीतून आली तशी म्हातारीनं हाक मारली.

"टिके, इकडे ये व. यंदा पहिली ओटी तू भर."

टिकेश्वरीला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. "आई, मी कशी भरू?"

"काहून? हात नाही का तुले?"

"लोक बोलतील."

"लोकाले मी विचारून आली. समद्या हव म्हणाल्या. एवढ्या मासोळ्या तुह्या हातच्या. त्याहीची माय तूच." म्हातारीनं शेंगेवरची नजर उचलली नाही. "लई साल उभी राह्यली वरती. आता उतर खाली."

टिकेश्वरी घरात गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली. आनंदानं की कशानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी हॅचरीत ती गुणगुणत कामाला लागली, आणि तिथंच घोटाळा झाला. तिला वाटलं, ओटी भरायची तर मासोळीला नीट ओळखून भरावी. उगाच, हौसेनं, तिनं दोन ताटल्या मांडल्या. एकीत रानच्या कुंकीची अंडी, दुसरीत महाकुंकीची. रानच्या नराचं दूध दोन्हींवर सोडलं, पीस फिरवलं, पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या ताटलीतली अंडी काचेसारखी स्वच्छ आणि आत पिलांची वळवळ. दुसरीतलं एकूण एक अंडं पांढरं, वर कापसासारखी बुरशी.

इथवर नवं काही नव्हतं. कुलूप कुलपासारखं वागलं. पण मग तिनं मोठ्या हौदात नाल्यासारखं पाणी खेळतं केलं, आणि त्यात एक रानची कुंकी, एक महाकुंकी आणि रानचे नर सोडले. मादी अंड्यावर आली की तिच्या अंगातून पाण्यात एक द्रव्य उतरतं. नर त्या वासावर येतात. महाकुंकी अंगानं मोठी, अंडी अफाट, मग वासही तसाच. सगळेच्या सगळे नर तिच्या भोवती. धडका देत, अंग घासत, दूध सोडून पाणी पांढरं करत. रानची कुंकी कोपऱ्यात आपली अंडी एकटीच टाकून मोकळी झाली. त्यांच्याकडे एकही नर फिरकला नाही. नरांजवळ उरलंही नव्हतं काही.

टिकेश्वरी हौदाच्या काठावर बसली. पुराचं पाणी नाल्यात टिकतं ते जेमतेम दोन दिवस. तेवढ्या वेळात नरांनी आपलं सगळं बंद दारांवर ओतलं, तर उघडी दारं वाट पाहत राहतील आणि कुजतील. आणि महाकुंकी काही एका सालात मरत नाही. दर आखाडीला जुन्या आहेत तशाच, वर नव्या येऊन मिळणार.

तिनं कंपनीच्या डॉक्टर सबनीसांना फोन लावला. पडद्यावर सबनीसांचा प्रसन्न चेहरा आला.

"अहो, ही तर उत्तम बातमी आहे, टिकेश्वरीताई! म्हणजे संकर शून्य. कुलूप शंभर टक्के चालतंय."

"सर, कुलूप चालतंय म्हणूनच सांगते आहे. नर तिच्यामागंच जातात. रानच्या मासोळीची अंडी फुकट जातायत."

"पण महाकुंकी तलावात येईलच कशी? करारात स्पष्ट आहे, मोकळी सोडायची नाही."

"लोक सोडतात, सर. ओटी भरून."

"ओटी म्हणजे... बायकांची असते ती?"

"हो."

"माशाची?"

"हो, सर."

"बरं मग, तुम्ही त्यांना समजावून सांगा ना. तुमचंच गाव आहे. तुमचा शब्द ऐकतील." आणि ते अत्यंत सौजन्यानं पडद्यावरून नाहीसे झाले.

तुमचा शब्द ऐकतील! या आखाडीला तर खरंच ऐकतील, तिच्या मनात आलं. कारण या आखाडीला ती पहिल्यांदाच बाई म्हणून खाली उतरणार होती. आणि उतरून काय सांगायचं? की ही भरलेली नाही, ही बंद आहे. हिची ओटी भरू नका. म्हणजे माझ्या हातात परात द्यायचं कारणच उरलं नाही. मी पुन्हा वर जाऊन उभी राहते.

तिनं खेमराजला सांगितलं. तो दारात बसून जाळं विणत होता. सगळं ऐकून त्यानं जाळ्याची गाठ आवळली, पुन्हा सोडली.

"यंदा नोको बोलू," तो म्हणाला. "मायनं एवढ्या सालानं आपल्या मनानं दिलं तुले. पुढच्या साली सांगजो."

"पुढच्या साली तं उशीर होईन."

"एका सालानं तलाव आटत नाही टिकू."

"तुम्ही नेहमी हेच म्हणता. नागपूरलेही हेच म्हणाले होते. एका सालानं काय होते."

खेमराजनं मान खाली घातली. नागपूरचं नाव निघालं की तो असाच जाळ्यात शिरायचा. तिथल्या दवाखान्यात यंत्रानं स्वच्छ सांगितलं होतं: बाईंचं सगळं ठीक आहे, तुमच्या शुक्राणूंच्या जुडग्यातलं एक प्रथिन तयारच होत नाही. किल्लीला दातच नाही म्हणा. उपायही होता. सुईनं शुक्राणू थेट अंड्यात सोडायचा, कुलपाचा प्रश्नच मिटतो. पण त्यासाठी आठ-दहा खेपा घालाव्या लागल्या असत्या, आणि कोणासाठी, कशासाठी, हे गावाला कळलं असतं. खेमराज म्हणाला, साल-दोन साल थांबू. मग आणखी थांबला. टिकेश्वरीनं तोंड उघडलं नाही. पुरुषाचं हसं झालं की घराचं होतं, असं तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. बाईचं झालं तर काय होतं, ते शिकवायचं राहून गेलं होतं.

आखाडीचा सोमवार आला. घाटावर अख्खं गाव. भागरताबाईनं सुनेचा दंड धरून तिला पायऱ्या उतरवल्या, एक एक, नव्या नवरीसारखं. बाया बाजूला सरकून वाट देत होत्या. परातीत महाकुंकी कल्ले उडवत पडली होती.

"थांबा," टिकेश्वरी म्हणाली. "मले एक सांगायचं आहे."

"सांग ना माय," भागरताबाई म्हणाली, आणि सांगण्याआधी तिच्या कपाळावर आपल्या अंगठ्यानं मोठं कुंकू ओढलं. मागून देवांगनानं आपली धाकटी पोरगी पुढं केली. "पाया पड व मोठ्या मायच्या." पोरगी पाया पडली. तिच्या मागून दुसरी, तिसरी. हात टिकेश्वरीच्या पावलांना लागत होते. जिची सावली कोणी परातीवर पडू दिली नव्हती, तिच्या पायांना लेकरांचे हात लागत होते.

"काय सांगत होती?" म्हातारीनं विचारलं.

"काही नाही," टिकेश्वरी म्हणाली.

तिनं अक्षता वाहिल्या, धागा वाहिला, आणि महाकुंकी पाण्यात सोडली. मागून सगळ्या गावानं आपापली सोडली. परातीमागं परात. एकाही घरानं रानची कुंकी आणली नव्हती.

नाल्याला पूर आला तेव्हा लोक काठावर उभे राहून नाचले. नरांच्या झुंडी महाकुंकींवर तुटून पडल्या होत्या, पाणी दुधासारखं झालं होतं. "हेले म्हणते माहेरपण!" म्हातारे ओरडले. पाणी ओसरल्यावर गवतभर पांढरा कापूस दिसला. तोही लोकांना शुभच वाटला. टिकेश्वरी तिकडे गेली नाही.

तलाव एका सालात आटत नाही, हे खेमराजचं म्हणणं खरंच होतं. त्याला आणखी काही सालं लागली. आधी लहान कुंकी जाळ्यात येईना. मग मधली. मग म्हाताऱ्या कुंकीही एक एक करून संपल्या. कुंकीच्या पिलांवर जगणारी मरळ आणि शिंगूर त्यांच्यामागं गेले, आणि रोहूचं बीज सोडणं पिंजऱ्यांच्या नादात कधीच थांबलं होतं. तोवर पिंजऱ्यांची मजुरी होती म्हणून कोणी फार ओरडलं नाही. टिकेश्वरी दर आखाडीला पहिली ओटी भरत होती, आणि दर आखाडीला 'यंदा सांगते' म्हणून घाट उतरत होती. पहिल्या साली न बोललेली गोष्ट दुसऱ्या साली बोलायची तर आधी पहिल्या सालाचा हिशेब द्यावा लागतो. तिसऱ्या साली दोन्हींचा. गप्प बसण्याचं व्याज असं वाढत जातं.

मग कुठल्या तरी देशात मासोळीशिवायच, नुसत्या टाकीत, पेशी वाढवून गाबोळी करायचं यंत्र निघालं. कंपनीनं पिंजरे सोडवले, ट्रकमध्ये घातले, संस्थेला शुभेच्छा दिल्या आणि गेली. मागं उरला तलाव, आणि तलावात धिप्पाड, मळवट भरलेल्या, पोटं घेऊन सुस्त फिरणाऱ्या महाकुंकी. त्या जाळ्यात येतील तेवढ्या खाऊन संपायच्या होत्या. त्यांच्यानंतर कोणी नव्हतं.

गावाची सभा भरली. पाण्यात विष आहे, कोणी म्हणालं. देवीचा कोप आहे, दुसरा म्हणाला. शेवटी देवांगना उठली. तीन लेकरं सुरतेला कामाला गेली होती. तिचा आवाज चिरका झाला होता.

"मी सांगू? जाऊबाईच्या हातानं ओटी भरली ना, त्या सालापासून उतरती कळा हाये. वांझ हात लागला तलावाले. मोजून पाहा साल."

लोकांनी सालं मोजली. बरोबर जुळत होती. जुळणारच, शास्त्र आणि अंधश्रद्धा दोघांची तारीख एकच होती. सभेत एकदम आवाज उठला. घाटावर पाय ठेवू देऊ नका. माहेरी धाडा. टिकेश्वरी कोपऱ्यात उभी होती. तिला पहिल्यांदाच असं वाटत होतं की हे लोक अगदी खोटं बोलतायत आणि तरी बरोबर माणसाला धरलंय.

भागरताबाईला आता चालवत नसे. तिला खाटेसकट सभेला आणलं होतं. तिनं खाटेच्या पायावर काठी आपटली.

"खेम्या, तू सांगतं का मी सांगू?"

खेमराज उठला. मग म्हणाला, "हात वांझ नव्हता तिचा. दोष माह्यात हाये. नागपूरच्या दवाखान्यात कळलं होतं. ती बोलली नाही. मी बी बोललो नाही." आणि मटकन खाली बसला.

टिकेश्वरी सासूकडे पाहत होती.

"तुमाले माहीत होतं?"

"माय हो मी त्याची," म्हातारी म्हणाली. "नागपूरहून आला तं नजरेले नजर देईना. लहानपणापासून पाह्यलं ना मी त्याले. वाटे, आज सांगीन, उद्या सांगीन. मग वाटलं, ओटी तरी देऊ पोरीले."

मग रडारड झाली. देवांगनानं पाय धरले. बायांनी तिला गळ्याशी घेतलं. माफ कर व, एवढी सालं तुले पापी बोललो. टिकेश्वरीनं दोनदा तोंड उघडलं, पण प्रत्येक वेळी कोणी तरी नवं येऊन मिठी मारी. निर्दोष ठरवलेल्या माणसाला दोष कबूल करायला गावात जागा नसते.

त्या सालच्या आखाडीला जाळं टाकलं तेव्हा एकच मासोळी आली. महाकुंकी, म्हातारी, जडशीळ, पोट तसंच. बाया वाजतगाजत टिकेश्वरीच्या दारात आल्या. पहिली ओटी तूच, म्हणाल्या; आता तं तुह्याच हातानं पाह्यजे, सतीच्या हातानं. तिला घाटावर नेलं. भागरताबाईची खाट पायऱ्यांजवळ ठेवली. मासोळीला हळदकुंकू झालं, अक्षता झाल्या, धागा झाला.

"सोड व माय."

टिकेश्वरीनं परात पाण्याकडे नेली नाही. शेजारच्या पायरीवर मासे कापायचा कोयता होता. तो उचलला आणि कुंकू लागलेल्या मासोळीचं पोट कल्ल्यापासून शेपटीपर्यंत फाडलं. पिवळीधमक गाबोळी भसाभस परातीत आली. कोणी तरी किंचाळलं.

"पाहा," ती म्हणाली. "पाहून घ्या. हे कधी फळलीच नाही. हिच्या अंड्याले कुलूप होतं, आपल्या नराची किल्ली लागत नव्हती. सगळे नर हिच्या मागं गेले, आपली कुंकी तशीच राह्यली. आपणच सोडल्या. घरोघर. ओटी भरून. आणि मले माहीत होतं. पहिल्यांदा खाली उतरली त्या दिवशी माहीत होतं."

बायांना अर्धं कळलं, अर्धं नाही. पण शेवटचं कळलं. मग देवांगना हळूच म्हणाली, "वांझ म्हणत होतो ते बरं होतं व."

खाटेवरून भागरताबाईनं मान उचलली.

"माहीत होतं तं एवढे साल बोलली काहून नाही?"

टिकेश्वरीनं कोयता पाण्यात बुडवून धुतला.

"तुमालेही माहीत होतं ना, आई. तुम्ही काहून नाही बोलल्या?"

म्हातारीनं तोंड भिंतीकडे फिरवलं असतं, पण घाटाला भिंत नव्हती. तिनं डोळे मिटले.

लोक एक एक करून उठले. तिच्याकडे न पाहता पायऱ्या चढले. परात मात्र तिथं फार वेळ राहिली नाही. आधी एकीनं पदराआड मूठभर गाबोळी नेली, मग दुसरीनं द्रोण आणला, तिसरीनं डबा. बरीच सालं गावानं मनासारखं खाल्लं नव्हतं. दुपार होईपर्यंत बोदरटोल्याच्या घराघरांतून तिखट आणि लसणाचा वास येत होता.

एक वाटी टिकेश्वरीच्याही उंबऱ्यावर आली. देवांगना ती ठेवून निघून गेली. आत खेमराज जाळ्याच्या फाटक्या गाठी सोडवत बसला होता. त्यानं वाटीकडे पाहिलं आणि नजर वळवली. टिकेश्वरीनं पाट घेतला, वाटी पुढ्यात ओढली आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. मीठ थोडं जास्त झालं होतं. बाकी गाबोळीला नाव ठेवायला जागा नव्हती.